परिषद कुठे भरवायची? आधी विमानांचं वेळापत्रक वाचा

एखादी आंतरराष्ट्रीय परिषद आपल्याकडे यावी म्हणून शहरं जे प्रस्ताव पाठवतात, त्यात एक नकाशा हमखास असतो. मधोमध ते शहर, तिथून चहूबाजूंना निघालेल्या लाल रेषा आणि खाली ठळक अक्षरांत ‘इतक्या ठिकाणांहून थेट विमानसेवा’. सभागृहाची क्षमता, हॉटेलांच्या खोल्या, जेवणाचे दर हे सगळं आयोजक बारकाईने तपासतात. नकाशाच्या पानावर मात्र मान डोलावतात आणि पुढे जातात. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ याच पानावर घालवायला हवा. सभागृह लहान पडलं तर दुसरं शोधता येतं, खोल्या कमी पडल्या तर शेजारच्या हॉटेलात मिळतात. आठवड्यातून तीनदा येणारं विमान रोज आणणं मात्र कुठल्याच आयोजकाच्या हातात नसतं.

नकाशातल्या सगळ्या रेषा सारख्याच जाडीच्या असतात, तिथेच पहिली फसगत होते. दिवसातून सहा वेळा उडणारं विमान आणि जुलै-ऑगस्टमध्ये फक्त शनिवारी उडणारं विमान, दोघांनाही एकेकच रेषा. स्पेनमधलं पाल्मा दे मायोर्का किंवा तुर्कस्तानातलं अंताल्या घ्या. उन्हाळ्यात युरोपभरातून तिथे थेट विमानांची रीघ लागते, कारण लोक समुद्रकिनाऱ्यावर सुट्टी घालवायला येतात. हिवाळ्यात हीच यादी चांगलीच आटते. शिवाय सुट्टीची विमानं शनिवार-रविवारच्या आसपास जास्त असतात, आणि परिषदेला येणारा माणूस मंगळवारी येऊन शुक्रवारी रात्री परत निघणार असतो. अशा रेषांचा त्याला उपयोग शून्य.

यादीपासून सुरुवात

म्हणून प्रश्न उलट्या बाजूने विचारायचा. ‘या शहरातून कुठे कुठे जाता येतं’ हे बाजूला ठेवून ‘माझी माणसं जिथून निघणार आहेत तिथून इथे कसं पोचता येतं’ हे पाहायचं. त्यासाठी लागणारी माहिती बहुतेक संस्थांकडे आधीपासूनच पडलेली असते. आंतरराष्ट्रीय परिषदांची मोजदाद ठेवणारी ‘इक्का’ ही १९६३ साली स्थापन झालेली संस्था तिच्या क्रमवारीत अशाच परिषदा धरते ज्या नियमित भरतात, किमान तीन देशांत आळीपाळीने फिरतात आणि जिथे किमान ५० जण हजर असतात. परिषद फिरती आहे म्हणजे मागच्या दोन-तीन खेपांच्या नोंदणी याद्याही आहेत. त्या काढायच्या आणि प्रत्येक नावापुढे देशाऐवजी निघण्याचं शहर लिहायचं. ‘ब्राझील’ एवढ्याने काही कळत नाही. साओ पावलोहून येणाऱ्याला लांब पल्ल्याची विमानं भरपूर मिळतात, तर मानाउसहून येणाऱ्याला बहुधा आधी देशातलंच एक विमान पकडावं लागतं.

समजा तीनशे जणांची परिषद आहे आणि त्यातले बहुतेक बारा शहरांतून येणार आहेत. प्रत्येक शहरापुढे चार गोष्टी मांडायच्या: विमान किती वेळा बदलायचं, घरच्या विमानतळापासून इकडच्या विमानतळापर्यंत एकूण किती तास, आठवड्यातून किती दिवस ही सोय आहे, आणि उतरण्याची वेळ. मग दोन स्पर्धक शहरांची तुलना केली की चित्र भराभर स्पष्ट होतं. नैरोबीहून चाळीस जण येणार असतील आणि पहिल्या शहराला पोचायला दोनदा विमान बदलून २२ तास, तर दुसऱ्याला एकदाच बदलून १४ तास लागत असतील, तर फक्त जाताना ३२० माणूस-तासांचा फरक पडतो. थेट विमानांच्या मोजणीत हा फरक कुठेच दिसत नाही. थेट विमान कमी असलेलं शहर या हिशेबात कित्येकदा पुढे निघतं, कारण त्याची जोडविमानं रोजची आणि सोयीच्या वेळेची असतात.

विमान एकदा बदलायला बहुतेक लोक तयार असतात. दोनदा बदलायचं म्हटलं की लोक परिषदेचा विषय सोडून ‘यावं की न यावं’ याचा विचार करायला लागतात, आणि सगळ्यात आधी गळतात ते वरिष्ठ पदावरचे, म्हणजे ज्यांच्यासाठी बाकीचे येणार असतात ते.

वेळापत्रकाची एक ओळ

आता प्रत्यक्ष एक ओळ वाचून बघू. लांब पल्ल्याच्या एका विमानापुढे असं लिहिलंय: १.३.५.. २३:५५ ०६:४० +१. पहिल्या भागातले आकडे हे आठवड्याचे वार: १ म्हणजे सोमवार, ७ म्हणजे रविवार, आणि टिंब म्हणजे त्या दिवशी विमान नाही. दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक, आणि शेवटचा +१ म्हणजे उतरेपर्यंत पुढचा दिवस उजाडलेला असतो.

म्हणजे हे विमान सोमवार, बुधवार, शुक्रवारी रात्री निघतं आणि मंगळवार, गुरुवार, शनिवारी सकाळी पोचतं. आपली परिषद बुधवार ते शुक्रवार आहे. बुधवारी रात्री निघणारा माणूस गुरुवारी सकाळी पोचेल, म्हणजे उद्घाटन हुकलं. उरलं एकच, सोमवार रात्रीचं. त्याने येणारे सगळे मंगळवारी सकाळी पावणेसातला उतरणार. हॉटेलात खोली मिळते दुपारी दोन-तीनला. रात्रभर प्रवास करून आलेली माणसं सकाळी साडेआठला स्वागतकक्षापुढे बॅगा घेऊन उभी राहतात, आणि मग एक तर त्यांच्या खोल्या सोमवार रात्रीपासूनच घेऊन ठेवाव्या लागतात किंवा दिवसभर त्यांची कुरकूर ऐकावी लागते. तीस माणसं असतील तर तीस जादा रात्रींचं भाडं. हा खर्च अंदाजपत्रकात ‘हॉटेल’ या रकान्यात पडतो, त्यामुळे तो मुळात विमानाच्या वेळेतून आलाय हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

त्याच ओळीत ‘थांबे’ असा एक रकाना असतो, तोही बघायचा. थेट म्हणून विकलेलं विमान मध्ये एखाद्या शहरात उतरून तासभर थांबून त्याच क्रमांकाने पुढे जाऊ शकतं. आणि क्रमांकापुढे दुसऱ्याच कंपनीचं नाव दिसलं तर समजायचं की ती कोडशेअरची जागा आहे: तिकीट एकीचं, विमान दुसरीचं. त्यामुळे एकच उड्डाण वेगवेगळ्या क्रमांकांनी तीन-चारदा यादीत येतं आणि मोजणारा चार विमानं मोजून मोकळा होतो. प्रस्तावांतले काही गोंडस आकडे असेच फुगलेले असतात.

आणखी एक अडचण. मोठ्या परिषदांचं ठिकाण दोन-चार वर्षं आधी ठरतं, तर विमान कंपन्या आरक्षण साधारण अकरा महिने आधी उघडतात. म्हणजे निर्णय घ्यायच्या वेळी खरं वेळापत्रक हातात नसतंच. यावर चांगला उपाय म्हणजे यंदाच्या त्याच आठवड्याचं वेळापत्रक बघणं. नोव्हेंबर महिन्यातली परिषद असेल तर नोव्हेंबरचंच बघायचं, जूनचं नाही. विमानांचे दोनच मोसम असतात: उन्हाळी मोसम मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्या रविवारी बरीच विमानं बंद होतात, काही सुरू होतात, उरलेल्यांच्या वेळा सरकतात. युरोपातली घड्याळंही त्याच रविवारी बदलतात, अमेरिकेतली मात्र मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. माणसं एका मोसमात येऊन दुसऱ्या मोसमात परत जाणार असतील, तर येतानाचं विमान आहे पण परतीचं नाही असा प्रकार होऊ शकतो. तारीख ठरवताना हे दोन रविवार टाळता आले तर टाळावेत.

विमान कुठे उडणार हे कोण ठरवतं?

प्रवासी आहेत, विमान आहे, मग कंपनी हवी तिथे सेवा का सुरू करत नाही? कारण आकाश मोकळं नाही. डिसेंबर १९४४ मध्ये शिकागोत झालेल्या करारानुसार प्रत्येक देशाची त्याच्या हद्दीवरच्या आकाशावर पूर्ण सत्ता आहे. नियमित प्रवासी सेवा चालवायची तर दोन देशांना आपसांत करार करावा लागतो. कोणत्या कंपन्या उडतील, कोणत्या शहरांत उतरतील, आठवड्याला किती आसनं असतील हे सगळं त्यात लिहिलेलं असू शकतं. भारत आणि दुबई यांच्यातल्या करारात प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे ६५ हजार आसनांची मर्यादा आहे आणि ती वाढवावी की नाही यावर कित्येक वर्षं घासाघीस चालू आहे. मागणी कितीही वाढली तरी कोटा संपला की नवं विमान येत नाही. वाढतं ते भाडं.

या करारांत उड्डाणाचे हक्क, म्हणजे ‘स्वातंत्र्यं’, क्रमांकाने ओळखली जातात. आयोजकाला त्यातली तीन-चार समजली तरी पुरे. तिसरं आणि चौथं म्हणजे आपल्या देशातून प्रवासी तिकडे नेणं आणि तिकडून आपल्याकडे आणणं. पाचवं म्हणजे आपल्या देशातून निघालेल्या विमानाने वाटेतल्या दोन परक्या देशांच्या दरम्यानही प्रवासी न्यायचे. सिंगापूर एअरलाइन्सचं विमान सिंगापूरहून फ्रँकफर्टला थांबून न्यूयॉर्कला जातं आणि फ्रँकफर्ट-न्यूयॉर्क एवढंच तिकीटही विकतं, किंवा एमिरेट्सचं विमान मिलानमार्गे न्यूयॉर्कला जातं, ती याची उदाहरणं. अशी विमानं शोधसाइटवर चटकन नजरेत भरत नाहीत, कारण त्या मार्गावर त्या कंपनीचं नाव डोक्यात येतच नाही. पण सोयीची असतात, कधी कधी स्वस्तही.

सहावं स्वातंत्र्य म्हणजे परक्या देशातले प्रवासी आपल्या शहरात आणून तिसऱ्या देशात सोडणं. दुबई, दोहा, सिंगापूर, इस्तंबूल यांचा सगळा डोलारा यावर उभा आहे. विमान बदलण्याच्या अशा केंद्रात भरणाऱ्या परिषदेला जगाच्या बहुतेक भागांतून एका विमानात पोचता येतं, म्हणून तिथली सभागृहं भरलेली असतात. युरोपीय संघाने आपल्या आतल्या हद्दी विमान कंपन्यांसाठी १९९७ पर्यंत पूर्ण खुल्या केल्या, त्यामुळे आयर्लंडची कंपनी इटली-पोलंड मार्गावरही उडते. आफ्रिकेत १९९९ सालचा यामुसुक्रो निर्णय आणि जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेली एकसंध हवाई बाजारपेठेची योजना यांचा हेतू तोच आहे, पण अंमलबजावणी रखडत चालली आहे. परिणामी पश्चिम आफ्रिकेतून पूर्व आफ्रिकेत जायला अजूनही कुणी युरोप किंवा आखातातून वळसा घालतं. या परिस्थितीत रवांडाची राजधानी किगालीने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. रवांडाने २०१६ मध्ये परिषद केंद्र उघडलं, १ जानेवारी २०१८ पासून सर्व देशांच्या नागरिकांना विमानतळावरच व्हिसा द्यायला सुरुवात केली आणि रवांडएअरचं जाळं वाढवलं. जून २०२२ मध्ये राष्ट्रकुल देशांची शिखर परिषद तिथे झाली. इमारत, व्हिसा आणि विमान एकत्र हललं म्हणून हे जमलं. नुसती इमारत बांधून पाहुण्यांची वाट बघणारी शहरं जगात कमी नाहीत.

करार झाला तरी जागा मिळायला हवी. गर्दीच्या विमानतळांवर उतरण्या-उडण्याच्या वेळा, म्हणजे स्लॉट, वाटून दिलेल्या असतात. लंडनच्या हीथ्रोवर वर्षाला ४ लाख ८० हजार उड्डाणांची कमाल मर्यादा आहे. मिळालेला स्लॉट कंपनीने मोसमात किमान ८० टक्के वापरला तर पुढच्या वर्षी तिचाच राहतो. त्यामुळे जुन्या कंपन्या चांगल्या वेळा सोडत नाहीत आणि नव्या कंपनीला पहाटेची किंवा मध्यरात्रीची वेळ मिळते, किंवा शहराच्या दुसऱ्या, लांबच्या विमानतळावर जावं लागतं.

जोडविमान: कागदावर आणि प्रत्यक्षात

केंद्रांवर विमानं लाटांसारखी येतात. दोन-तीन तासांत पन्नास ठिकाणांहून उतरतात, प्रवासी आपसांत बदलतात आणि पुढच्या दोन-तीन तासांत पन्नास ठिकाणी निघून जातात. आखातातली केंद्रं रात्री दोनला भर दुपारसारखी गजबजलेली असतात ती याच कारणाने. लाट गाठली तर दीड तासात पुढचं विमान मिळतं, चुकली तर आठ-दहा तास बसा.

दोन विमानांमध्ये किमान किती वेळ हवा हे प्रत्येक विमानतळ ठरवतो. व्हिएन्ना विमानतळ २५ मिनिटांचा दाखला मिरवतो, फ्रँकफर्टला ४५ मिनिटं लागतात. यापेक्षा कमी वेळाची जोडणी आरक्षण प्रणाली एका तिकिटात विकतच नाही. पण किमान वेळ म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर पुरणारा वेळ. त्यात पारपत्र तपासणीची रांग वाढली की गणित कोलमडतं. शेंगेन देशांत, म्हणजे आपसांतल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांत, ही तपासणी पहिल्या विमानतळावर होते, म्हणजे लिस्बनला जाणारा माणूस फ्रँकफर्टलाच रांगेत उभा राहतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे बाहेरच्या प्रवाशांचे बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी नवी पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली, आणि पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्याला जास्त वेळ लागतो. अमेरिकेत तर फक्त विमान बदलून दुसऱ्या देशात जायचं असलं तरी आधी रीतसर देशात प्रवेश करावा लागतो, आणि बहुतेक देशांच्या नागरिकांना त्यासाठी व्हिसाही लागतो. पाहुण्यांना मार्ग सुचवताना मी तरी अशा ठिकाणी तीन तासांखाली जाणार नाही.

व्हिसावरून आठवलं. आयोजक यजमान देशाच्या व्हिसाची पत्रं वेळेवर पाठवतात, पण वाटेतल्या देशाचा विचार करत नाहीत. पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नायजेरिया, घाना, इथिओपिया अशा काही देशांच्या नागरिकांना शेंगेन देशांत नुसतं विमान बदलायलाही, विमानतळाबाहेर पाऊल न टाकता, वेगळा व्हिसा लागतो. ढाक्याहून येणाऱ्या वक्त्याला सगळ्यात स्वस्त म्हणून युरोपमार्गे तिकीट काढून दिलं, तर विमान कंपनी त्याला ढाक्यातच चढू देणार नाही. यादीतल्या प्रत्येक नावापुढे निघण्याच्या शहराबरोबर पारपत्राचा देशही लिहायचा तो यासाठी. दुबईत राहणारा माणूस दुबईहून निघतो, पण नियम लागतो त्याच्या पारपत्राला.

आणि तिकीट एकच असावं. दोन वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात खरी, पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी. बॅग मध्येच ताब्यात घ्यावी लागते, परत जमा करावी लागते. एका तिकिटावर मात्र पुढचं विमान चुकलं तर सोय करून देणं कंपनीची जबाबदारी असते. स्टार अलायन्स (१९९७), वनवर्ल्ड (१९९९) आणि स्कायटीम (२०००) या तीन मोठ्या आघाड्यांमुळे वेगवेगळ्या कंपन्यांची विमानं एका तिकिटात बसवणं सोपं झालंय.

बीजभाषण करणाऱ्यासाठी एक वेगळा नियम पाळावा. त्याच्या मार्गावरचं दिवसातलं शेवटचं जोडविमान कधीही घ्यायचं नाही. ठरलेलं चुकलं तर त्याच दिवशी मागून येणारं दुसरं विमान असायला हवं. थेट विमान आहे पण आठवड्यातून दोनदाच, आणि जोडविमान आहे पण दिवसातून चार वेळा, यात मी वक्त्यासाठी जोडविमान निवडेन.

कधी कधी जोडणी विमानाची नसतेच. जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये जगातल्या सर्वात मोठ्या प्रदर्शन-मैदानांपैकी एक आहे आणि १९४७ पासून तिथे औद्योगिक मेळा भरतो. तिथल्या विमानतळावर लांब पल्ल्याची विमानं मात्र नगण्य. लोक फ्रँकफर्टला उतरतात, विमानतळालाच लागून असलेल्या स्थानकावर वेगवान रेल्वे पकडतात आणि साधारण अडीच तासांत पोचतात. म्हणून शहराचा विमानतळ लहान आहे एवढ्यावरून ते बाद करू नये. याच्या बरोबर उलट म्हणजे, मोठ्या शहरात दोन विमानतळ असतील तर त्यांच्यातलं अंतर आधी बघावं. टोकियोत हानेडा शहराला लागून आहे आणि नारिता साठ किलोमीटरपेक्षा दूर. एकावर उतरून दुसऱ्यावरून उडायची वेळ आली तर अर्धा दिवस त्यातच जातो.

तिकिटं काढताना

एकाच विमानातल्या आसनांचे दर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. स्वस्त कप्प्यात सहा जागा शिल्लक असताना आठ जणांसाठी एकदम शोधलं, तर प्रणाली आठही जणांना वरच्या कप्प्याचा दर दाखवते. आधी सहा आणि मग दोन असं शोधलं तर सहा स्वस्तात निघतात. संस्थेच्या कार्यालयात बसून सगळ्यांची तिकिटं एका फटक्यात काढणारे इथे हकनाक पैसे घालवतात. दहा किंवा जास्त जण एकत्र असतील तर बहुतेक कंपन्या गटाचा वेगळा दर देतात. तो सगळ्यात स्वस्त असेलच असं नाही. पण अनामत भरून जागा धरता येतात आणि नावं नंतर देता येतात, परिषदेसाठी त्याचं मोल जास्त. पाहुण्यांना पाठवणाऱ्या बऱ्याच कंपन्या मात्र त्यांचे सगळे वरिष्ठ एकाच विमानात बसू देत नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आधीच पाहून ठेवावा.

प्रदर्शन असेल तर सामानाचाही मार्ग बघावा लागतो. प्रवासी विमानाच्या पोटात माल जातो, पण लांबरुंद विमानातसुद्धा तिथे साधारण १६० सेंटिमीटरपेक्षा उंच पेटी बसत नाही, आणि अरुंद विमानात तर त्याहूनही कमी. दोन मीटर उंचीचं यंत्र दाखवायचं असेल तर मालवाहू विमान किंवा जहाज, आणि त्याची वेळ वेगळी. परत न्यायचा माल असेल तर एटीए कार्नेट काढून घ्यावं. १९६१ च्या कराराने आलेल्या या कागदावर वर्षभरात परत जाणारा माल सीमाशुल्क न भरता आत नेता येतो.

कार्यक्रमपत्रिका आणि विमानं

समारोपाची वेळ बहुतेक ठिकाणी सवयीने पाच ठेवली जाते. आता यादी उघडून बघा. युरोपकडे जाणारी विमानं रात्री आठच्या आसपास निघत असतील, विमानतळ तासाभरावर असेल आणि दोन-तीन तास आधी पोचायचं असेल, तर लोकांना चार-पाचलाच निघावं लागेल. समारोपाचं भाषण रिकाम्या खुर्च्यांसमोर होतं ते याचमुळे, वक्त्याचा काही दोष नसतो. समारोप दुपारी जेवणाआधी घेतला तर सभागृह भरलेलं राहतं. विमानं मध्यरात्रीनंतरची असतील तर मात्र पाचचा समारोप चालतो, फक्त मग खोल्या सोडल्यावर बॅगा ठेवायला जागा आणि अंघोळीची काही सोय लागते.

सुरुवातीचंही तसंच. पूर्वेकडे प्रवास केला की शरीराला जुळवून घ्यायला जास्त जड जातं. युरोपातून पूर्व आशियात आलेल्यांसाठी पहिल्या दिवशी सकाळी आठचं सत्र म्हणजे पहाटेच्या एक-दोनचं सत्र. महत्त्वाची मतदानं आणि वाटाघाटी दुसऱ्या दिवशी दुपारी ठेवाव्यात.

आकाश बंद झालं तर

एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपात जवळपास एक लाख उड्डाणं रद्द झाली. २१ मार्च २०२५ ला जवळच्या वीज उपकेंद्राला आग लागली आणि हीथ्रो दिवसभर बंद राहिलं, तेराशेच्या आसपास विमानांना फटका बसला. २३ जून २०२५ ला कतारने काही तासांसाठी आकाश बंद केलं आणि दोह्याकडे निघालेली विमानं भलतीकडेच उतरली. अशा वेळी सगळे पाहुणे एकाच केंद्रातून येत असतील तर परिषदच अडकते. म्हणून यादीतल्या मार्गांकडे एकदा या नजरेने पाहावं: एखादंच केंद्र बंद पडलं तर किती जण अडकतील? निम्म्याहून जास्त असतील तर काहींना दुसऱ्या केंद्रामार्गे वळवावं, थोडे पैसे जास्त गेले तरी.

काही बदल तासाभराचे नसतात. फिनलंडच्या फिनएअरचा सगळा व्यवसायच आशियाला युरोपातून सर्वात जवळचा रस्ता हेल्सिंकीहून, या भूगोलावर उभा होता. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश बंद झालं आणि हेल्सिंकी-टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून सुमारे तेरा तासांवर गेला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय कंपन्यांची विमानं लांबून वळसा घालू लागली, परदेशी कंपन्यांची मात्र पूर्वीच्याच मार्गाने जात राहिली. म्हणजे त्याच दोन शहरांमधला प्रवास कोणत्या कंपनीने करता यावर तास अवलंबून. चार वर्षांपूर्वीच्या प्रस्तावातले तास जसेच्या तसे उचलू नयेत ते एवढ्यासाठी.

ठिकाण ठरल्यावर हा तक्ता कपाटात टाकायचा नाही. आरक्षण उघडलं की एकदा, मोसम बदलण्याच्या आधी महिनाभर एकदा आणि परिषदेच्या सहा आठवडे आधी एकदा तो नव्याने भरायचा. एखाद्या मार्गावरचं विमान रद्द झालं असेल तर त्या शहरातल्या पाहुण्यांना त्याच आठवड्यात पर्यायी मार्ग कळवायचा. तोपर्यंत स्वस्त कप्प्यांत थोड्याफार जागा उरलेल्या असतात.